सोलापुरात सिम मेलं, बँक ओळख देईना

नमस्कार मंडळी,

गड्ड्याच्या यात्रेला कतारमधल्या दोहाहून सोलापूरला आलोय. बँकेत माझा इथलाच जुना नंबर आहे. ते सिम आईनं सुपारीच्या डबीत जपलंय, रिचार्जही न चुकता मारते. सिम जुन्या मापाचं, मी कात्रीनं कापून नव्या फोनमध्ये बसवायला गेलो आणि ते मेलं. काल संध्याकाळी नवी पेठेतून त्याच नंबरचं दुसरं आणलं. फोन लागतोय, पण बँकेचं अ‍ॅप ‘नंबरची पडताळणी झाली नाही’ एवढंच घोकतंय. शाखेतले काका मला चड्डीत असल्यापासून ओळखतात. चहा पाजला आणि म्हणाले, “मी ओळखून काय उपयोग? सिस्टीमनं ओळखायला पाहिजे.”

काय करू?
– दोहाचा सोलापूरकर

---

अरे, उद्यापर्यंत थांब की. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात, जाणारे आणि येणारेही. चोर दुसऱ्याच्या नावावर डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवतात, म्हणून हा नियम. तू स्वतःच काढलंस, हे यंत्राला कसं कळणार?

अ‍ॅप तुझ्या फोनमधून गुपचूप एक सांकेतिक एसएमएस बँकेला पाठवतं. तो कुठल्या नंबरवरून आला आणि खात्याला तोच नंबर आहे का, एवढं बँक बघते. जुळलं की अ‍ॅप त्या सिमला आणि त्या हँडसेटला बांधलं जातं. तुझा एसएमएस निघतच नाहीये. उद्या करताना इथलंच सिम निवड, दोहाचं निवडलंस तर परत तेच रडगाणं. आणि नव्यानं जोडल्यावर पहिले २४ तास यूपीआयवर ५,००० रुपयांचीच मर्यादा, तेव्हा मोठी खरेदी लगेच काढू नकोस.

एनआरई किंवा एनआरओ खात्याला (परदेशात राहणाऱ्या भारतीयांची इथली खाती) कतारचा नंबरही यूपीआयसाठी चालतो. २०२३ मध्ये १० देशांना परवानगी मिळाली, त्यात कतार आहे. तुझी बँक देते का ते विचार. खातं अजून साधं बचत असेल तर मात्र आधी एनआरओ करून घे. परदेशात राहून ते तसंच चालवायची परवानगी नाही, आणि हे आपल्यातले निम्मे लोक विसरतात.
– बँकवाले काका

---

काका, झालं! आज रात्री आठला एसएमएस सुटला. खातं साधंच निघालं, लाज वाटली. फॉर्म आणलाय.

शेंगाचटणी कुणाकुणाला हवी ते परवापर्यंत कळवा.