शब्दचर्चा : ‘सर्व्हिटर’ला मराठीत काय म्हणावं? दासी, सेविका, चाकर?

पारिजातक :
दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत आणतेय आणि एका शब्दापाशी आठ दिवस अडले आहे. शब्द आहे ‘सर्व्हिटर’.

थोडं मागचं सांगते, नाहीतर सुचवलेले शब्द कुठे बसवायचे ते कळणार नाही. जेन मॅनिंग जेम्स ही अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधली कृष्णवर्णीय बाई. गुलाम नव्हे, जन्मानं स्वतंत्र. मॉर्मन या अमेरिकेतल्या नव्या ख्रिस्ती पंथात गेली आणि १८४३ साली घरच्यांना घेऊन इलिनॉयमधल्या नॉवूला निघाली. बफेलोला बोटीत घेतलं नाही, म्हणून उरलेले आठशे मैल सगळे पायी गेले. बूट झिजून संपले, तळपाय फुटले, वाटेवर रक्ताची पावलं उमटत होती. म्हातारपणी तिनं स्वतःच हे सांगून लिहून घेतलं आहे. नॉवूला ती पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या घरी राहिली, त्यांचं धुणं धुवायची. जोसेफच्या बायकोनं, एमानं, तिला विचारलं होतं की आमची लेक म्हणून दत्तक येतेस का? जेनला तेव्हा त्याचा अर्थ उमगला नाही. ती नाही म्हणाली.

१८४७ मध्ये ती मॉर्मनांच्या नव्या वस्तीत, यूटात पोचली. मॉर्मन मंदिरात विधी करून माणसं एकमेकांशी कायमची जोडतात. नवराबायको, आईबाप आणि मुलं, मरणानंतरही. काळ्यांना तो विधी बंद होता. जेन वर्षानुवर्षं विनवत राहिली. १८८४ च्या पत्रात ती विचारते, ‘माझ्यासाठी काहीच आशीर्वाद नाही का?’ एमानं देऊ केलं होतं तेच ती मागत होती : मला जोसेफची लेक करा. शेवटी १८९४ मध्ये सॉल्ट लेकच्या मंदिरात विधी झाला. तिला आत येऊ दिलं नाही, तिच्या जागी एक गोरी बाई उभी राहिली. आणि जेन जोसेफशी जोडली गेली ती लेक म्हणून नव्हे, अनंतकाळची ‘सर्व्हिटर’ म्हणून.

मी ‘सेविका’ लिहिलं, तर आई म्हणाली अंगणवाडीतली वाटते. ‘दासी’ लिहिलं, तर मलाच जनाबाई दिसायला लागली. काय लिहू?

वसईकर :
सेविका नकोच. कारण सांगतो. मराठी बायबलमध्ये डीकनला ‘सेवक’ म्हटलंय आणि मॉर्मनांत डीकन हे पहिलं पद, मुलाला बारावं वर्ष पूर्ण होतं त्या वर्षी मिळतं. काळ्या मुलांना ते १९७८ पर्यंत मिळत नव्हतं. म्हणजे जे नाव त्यांना नाकारलं, तेच तुम्ही जेनला द्याल. ख्रिस्ती वाचक तिथं अडखळेल.

जुना_लेखनिक :
‘दासी’च योग्य आहे. जुना, मराठमोळा शब्द, अर्थही नेमका. जनाबाई आठवली तर बिघडलं काय?

रानफूल :
बिघडतं. जनाबाईनं ‘नामयाची दासी’ ही ओळख स्वतः मिरवली, अभंगाच्या शेवटी आपल्या हातानं लिहिली. तिच्याकडे तो शब्द प्रेमाचा आहे. जेननं लेक व्हायचं मागितलं होतं आणि वरच्यांनी तिच्यावर दुसराच शब्द लावला. दोघींना एकच शब्द दिला तर जेनचं मागणं पुसलं जातं. लेखात तेच तर सांगायचंय ना?

जुना_लेखनिक :
मग ‘बटीक’? ‘कुणबीण’? पेशवाईच्या कागदांत कुणबिणी विकत घेतल्याच्या नोंदी आहेत.

पारिजातक :
पण त्या विकत घेतलेल्या. जेनला कुणी कधी विकत घेतलं नाही. बटीक म्हटलं की वाचक तिला गुलाम समजणार, आणि ते खोटं होईल.

सॉल्टलेकहून :
अकरा वर्षं इथं राहतो, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, ‘मॉर्मन’ शब्द जपून वापरा. २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या : द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. शेजारी आता हा शब्द ऐकला की हसून दुरुस्त करतात.

दुसरी, चाकरीच्या शब्दांचं राजकारण इथं दगडावर कोरलेलं आहे, अक्षरशः. शहरात जोसेफ स्मिथनंतरचे चर्चप्रमुख ब्रिगहॅम यंग यांचं स्मारक आहे. १८४७ मध्ये इथं आलेल्या मॉर्मनांच्या पहिल्या तुकडीतल्या लोकांची नावं त्यावर आहेत. त्यांत तीन नावं वेगळी काढून, ‘कलर्ड सर्व्हंट्स’ अशा मथळ्याखाली : ग्रीन फ्लेक, हार्क ले, ऑस्कर क्रॉस्बी. हे नोकर नव्हते. गुलाम होते. १८५२ मध्ये यूटानं गुलामी कायदेशीर केली तेव्हाही कायद्याच्या नावात ‘सर्व्हिस’ हाच शब्द घातला. म्हणून इथल्या कागदांत ‘सर्व्हंट’ दिसला की सरळ ‘नोकर’ लिहून मोकळं होता येत नाही, प्रत्येक वेळी माणूस तपासावा लागतो.

भाकरीचा_चंद्रमौळी :
याच्याशी जोडून, जोतीरावांनी १८७३ मध्ये पुस्तकाला नावच ‘गुलामगिरी’ दिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. म्हणजे या विषयावर मराठीत सरळ शब्द दीडशे वर्षांपासून हजर आहे. ग्रीन फ्लेकला ‘गुलाम’च लिहा. सौम्य करू नका.

आणि ‘कृष्णवर्णीय’वर माझी हरकत आहे. वर्तमानपत्रांनी घडवलेला सोवळा शब्द. ‘काळा’ म्हणायला लाज का? दलित पँथरनं १९७२ मध्ये नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. त्या मुलांना ‘ब्लॅक’ शब्दात ताकद दिसली होती, त्याला सोवळं नेसवायची गरज वाटली नाही.

पारिजातक :
लाज नाही हो. पण मराठीत ‘काळी बाई’ लिहिलं की वाचकाला स्थळ बघायला आल्यासारखं वाटतं. मला तो आवाज लेखात नको.

रानफूल :
हिंदीतला ‘अश्वेत’ तर त्याहून वाईट. ‘जो पांढरा नाही तो.’ माणसाची ओळख नकारानं का करायची?

जुना_लेखनिक :
आपला जुना शब्द ‘हबशी’. मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचे सिद्दी हबशी. हबश म्हणजे अॅबिसिनिया. मूळ शब्दात अपमान नाही.

भाकरीचा_चंद्रमौळी :
मुळात नसेल. माझ्या शाळेत सावळ्या मुलांना हबशी म्हणून चिडवत, मी त्यांतला एक. मूळ सांगून तो आवाज माझ्या कानातून जात नाही. कृपया नको.

जुना_लेखनिक :
मागे घेतो.

वसईकर :
‘कृष्णवर्णीय’मध्ये आणखी एक अडचण आहे, ‘वर्ण’. चर्चच्या १९७८ च्या घोषणेत आहे की वंश वा रंग न पाहता सर्व पात्र पुरुष सभासदांना याजकपद देता येईल. मी एका ठिकाणी ‘वर्ण न पाहता’ असं भाषांतर वाचलं. मराठी माणूस ते चातुर्वर्ण्य म्हणून वाचणार! तिथं ‘रंग’च हवा.

आणि ‘याजकपद’ म्हटलं तरी वाचकाला चुकीचं चित्र दिसतं. आमच्याकडे वसईत धर्मगुरू म्हणजे सेमिनरीत वर्षानुवर्षं शिकून गुरुदीक्षा घेतलेला. मॉर्मनांत गावातला सुतार, दुकानदार, शाळकरी पोरगा, सगळ्या पात्र पुरुषांना ते पद. म्हणून ते नाकारणं म्हणजे ‘पुजारी होऊ दिलं नाही’ एवढंच नव्हतं. रविवारी सगळी मुलं उठून भाकर वाटायला जाणार आणि आपलं मूल बाकावर बसून राहणार, असं होतं ते. ‘पौरोहित्य’ लिहिलं तर हे हरवतं.

सॉल्टलेकहून :
बरोबर. आणि मुळात तसं नव्हतंही. एलायजा एबल या काळ्या सुताराला १८३६ मध्येच एल्डरपद, म्हणजे याजकपदातलं वरचं पद, मिळालं होतं, जोसेफ स्मिथ हयात असताना. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलमध्ये वॉकर लुईस नावाचा न्हावी होता, तोही एल्डर. १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांनी त्याची तारीफ केली आणि १८५२ मध्ये त्याच यंग यांनी काळ्यांना हे पद नाही असं जाहीर केलं. कारण काय, तर बायबलमध्ये भावाचा खून करणाऱ्या काइनला मिळालेला शाप काळ्यांवर आहे. एबलचं पद काढून घेतलं नाही, पण मंदिरातले विधी त्यानं मागितले तेव्हा मिळाले नाहीत. १८८४ मध्ये तो गेला.

पारिजातक :
मग या सगळ्याला एक शब्द कोणता? लेखात ‘प्रीस्टहुड बॅन’ आहे. मी ‘याजकपदबंदी’ केलंय.

रानफूल :
त्या शब्दात जेन कुठे आहे? याजकपद बायकांना तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तिनं ते मागितलंच नव्हतं. तिच्यासाठी बंद होतं ते मंदिर. ‘याजकपदबंदी’ म्हटलं की काळ्या बायका गोष्टीतून बाहेर. इंग्रजी शब्दातच ही खोट आहे, मराठीत ती का आणायची? ‘मंदिरबंदी’ लिहा. मंदिराचं दार बंद असणं म्हणजे काय ते मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

भाकरीचा_चंद्रमौळी :
काळाराम.

सॉल्टलेकहून :
चर्चचे लोक ‘बॅन’ म्हणत नाहीत, ‘रिस्ट्रिक्शन’ म्हणतात. माझ्या ऑफिसात एक कृष्णवर्णीय सहकारी आहे, तीन पिढ्या याच चर्चमध्ये. ती दोन्ही शब्द वापरते : चर्चमध्ये एक, घरी एक. मराठीत ‘निर्बंध’ आणि ‘बंदी’.

२०१३ मध्ये चर्चनं यावर निबंध काढला. काळी त्वचा म्हणजे शाप किंवा देवाची खप्पामर्जी, जन्मापूर्वीच्या जीवनात काही चुकलं म्हणून असा जन्म, असली सगळी स्पष्टीकरणं त्यात ‘डिसअवाउ’ केली. याला मराठीत काय म्हणाल? ‘नाकारली’ म्हटलं तर जणू ती दुसऱ्या कुणाची होती. ‘माफी’ तर नाहीच, तो शब्द त्यात नाही.

जुना_लेखनिक :
‘त्याज्य ठरवली’.

रानफूल :
‘आता ती आमची नाहीत असं म्हटलं.’ लांब आहे, पण खरं आहे.

पारिजातक :
लेखात अजून एक जागा आहे, विचारून ठेवते. बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथात एक ओळ आहे की अमुक लोक पुढे ‘व्हाइट अँड डिलाइटसम’ होतील. १८४० च्या आवृत्तीत ‘व्हाइट’चं ‘प्युअर’ केलं, नंतरच्या आवृत्त्यांत परत ‘व्हाइट’ आलं, आणि १९८१ मध्ये पुन्हा ‘प्युअर’. हे वचन आफ्रिकी नव्हे, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल मानलं जातं. मला दोन्ही पाठ मराठीत दाखवायचेत. पहिल्याला मी ‘गोरेगोमटे’ केलंय. लिहिताना अंगावर काटा आला, इतकं चपखल बसलं.

कानडी_आजोळ :
‘गोमटे’ आलंच आहे तर! हा शब्द आमचा. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर. ‘गोम्मट’ म्हणजे सुंदर. त्याच मूर्तीच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा मराठी लेख कोरलेला आहे. मराठी आणि कानडीची गाठ तिथं दगडात पडली आहे.

जुना_लेखनिक :
लेख आहे, मान्य. पण मराठीतून कानडीत गेला की कानडीतून मराठीत आला, हे इतकं सरळ नाही. ‘गोम्मट’ संस्कृत ‘मन्मथ’वरून आला असंही मांडलं गेलंय.

कानडी_आजोळ :
मन्मथवरून गोम्मट? ते मला कधीच पटलेलं नाही. आजोबा या प्रश्नावर जेवण थंड होईस्तोवर बोलत. आणि लक्षात घ्या, गोमटेश्वर गोरा नाही. नुसता ‘गोमटा’ म्हणजे सुंदर. त्याला ‘गोरा’ची जोड आपण दिली.

रानफूल :
हेच तर. आपला विठोबा काळा, कृष्ण सावळा, आणि जोडशब्द मात्र गोरागोमटा. ‘काळागोमटा’ कुणी म्हणत नाही. दुसऱ्या पाठाला ‘निर्मळ’ घ्या, पारिजातक. ‘शुद्ध’ नको, त्याला रक्ताचा वास येतो. ‘उजळ’ तर मुळीच नको.

पारिजातक :
‘गोरेगोमटे’ आणि ‘निर्मळ’. ठरलं. पण सर्व्हिटर?

वसईकर :
‘आश्रिता’?

जुना_लेखनिक :
आश्रिताला आश्रय मिळतो. इथं काम आहे, नातं नाही. ‘चाकर’ घ्या. ‘अनंतकाळची चाकर’. फारसी आहे म्हणून मला आवडत नाही, पण चाकरमानी म्हणणाऱ्या मराठीला तो परका नाही.

सॉल्टलेकहून :
एक भर घालतो. म्हातारपणी सगळे तिला ‘आंट जेन’ म्हणत. अमेरिकेत तेव्हा वयस्क काळ्या बाईला ‘मिसेस’ न म्हणता ‘आंट’ म्हणायची रीत होती. प्रेम असेलही, पण मान टाळण्याची ती सोय होती. याचं काय करणार?

रानफूल :
जेन मावशी.

कारण आपणही तेच करतो. आमच्या घरी एक बाई सत्तावीस वर्षं भांडी घासायला येत होत्या. आम्ही भावंडं त्यांना मावशी म्हणायचो, आई पाहुण्यांना सांगायची ‘अगदी घरच्यासारखी’. त्यांचा कप मोरीच्या वरच्या फळीवर वेगळा असायचा. त्या वारल्या तेव्हा मला कळलं की मला त्यांचं आडनावच माहीत नाही. जेनच्या पायरीचा मराठी शब्द शोधायचा तर मला त्या ‘सारखी’मध्ये सापडतो. लेक नव्हे, लेकीसारखी. पण तो विधीचा शब्द म्हणून लिहिता येणार नाही, हेही कळतंय.

पारिजातक :
रानफूलताई, हे वाचून मी उठून फेरी मारून आले.

मग असं करते. पहिल्यांदा ‘सर्व्हिटर’ तसाच ठेवते, पुढच्या वाक्यात ‘म्हणजे चाकर’. आंटला मावशी. १८९४ नंतरही ती अर्ज करतच राहिली, ते शेवटी येतं. १९०८ मध्ये गेली. मंदिरातला पूर्ण विधी तिच्या नावानं १९७९ मध्ये झाला, तोही तिच्या माघारी.

जुना_लेखनिक :
इंग्रजी शब्द तसाच ठेवणं म्हणजे भाषांतरकारानं हात टेकणं. मला मान्य नाही.

वसईकर :
मला आहे. विधीत उच्चारलेला शब्द होता तो. नोंद म्हणून राहू दे.

सॉल्टलेकहून :
२०२२ मध्ये इथल्या ‘धिस इज द प्लेस’ उद्यानात ग्रीन फ्लेक, हार्क, ऑस्कर आणि जेन यांचे पुतळे बसवले. स्मारकावर क्रॉस्बी असलेला ऑस्कर तिथं ‘स्मिथ’ आहे आणि हार्क ‘वेल्स’ आहे. मालकांची आडनावं काढली. शनिवारी जाऊन जेनच्या पाटीवर तिला काय म्हटलंय ते बघून कळवतो.

कानडी_आजोळ :
तोवर ‘गोम्मट’चं बोलू. मन्मथवाल्यांना मधला ‘म्म’ कसा आला हे सांगता येतं, पण सुरुवातीचा ‘गो’ कुठून आला?