खेड्यातल्यांनाच अक्कल शिकवायची का?

वणीकर: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, "विदर्भातल्या खेड्यातले लोक न वाचता फॉरवर्ड करतात, तैवानकडून शिका." शिकतो की! तिथं लाइन नावाच्या, व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर कोफॅक्ट्सचा बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम आहे. शंका आली की मेसेज त्याला पाठवायचा, स्वयंसेवकांनी लिहिलेला खुलासा तिथल्या तिथं मिळतो. आमच्या ग्रुपवर थाप येते मराठीत आणि खुलासा पडलेला असतो कुठल्या तरी इंग्रजी वेबसाइटवर. तो काय आमच्या आजीनं शोधायचा?

पोस्ट_माझीच: आजीला कशाला पुढं करता? फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर या बातम्या तपासणाऱ्या वेबसाइट मराठीतही आहेत. बूम या तसल्याच वेबसाइटला व्हॉट्सॲपवर विचारता येतं. राईनपाडा विसरलात? 1 जुलै 2018, पोरं पळवणारे समजून 5 जणांना ठेचून मारलं. त्या वर्षी फिरलेला, मोटारसायकलवरून पोरगं उचलून नेतानाचा व्हिडिओ कराचीतल्या जनजागृती फिल्मचा होता. त्यात पोरगं परत आणून सोडतात, पाटी दाखवतात. नेमकं तेवढंच कापलेलं.

वणीकर: राईनपाडा धुळ्यात येतं साहेब, विदर्भात नाही. आणि कापणारा खेड्यातला होता का?

कपाशीवाला: राजेहो, ते सोडा. यूट्यूबवाल्याईले कोण तपासते? "कापूस 10 हजारावर, सरकारचा निर्णय!" बाबानं ऐकलं, माल घरातच ठेवला. समोरच्या खोलीत छतापर्यंत गंजी, झोपाले जागा नाही, उन्हाळ्यात लेकराच्या अंगभर खाज. शेवटी पडत्या भावात देल्ला व्यापाऱ्याले.

अकोल्याचा_मास्तर: ती खोटी बातमी नव्हे, भाकीत झालं. अर्जेंटिनाची चेकेआदो ही संस्था 2010 पासून बातम्या तपासायचं काम करतेय, तेही झालेल्या गोष्टीच तपासतात. माल ठेवायचा निर्णय तुमच्या बाबांचा.

कपाशीवाला: बाबावर जाऊ नका! भाकीत होतं तं "सरकारचा निर्णय" कायले लिहिलं? निर्णय झाला का नाही, हे तं तपासता येते ना?

अकोल्याचा_मास्तर: येतं. तेवढं येतं. झालं समाधान?

पोस्ट_माझीच: कापसाचा वेगळा धागा काढा बुवा.

वणीकर: नाही काढत. ब्राझीलमध्ये 2018 ला 24 माध्यमं कोम्प्रोव्हा या बातम्या तपासायच्या प्रकल्पात एकत्र आली, कशासाठी? निवडणुकीसाठी. अमेरिकेत तर फेसबुकवाल्या मेटानंच जानेवारी 2025 ला बाहेरच्या तपासणीवाल्यांना रामराम ठोकायचं जाहीर केलं. आमच्या बाजारभावाच्या थापा कोणाच्या यादीत आहेत?

पोस्ट_माझीच: यादीत यायला आधी पाठवाव्या लागतात. तो व्हिडिओ पाठवला होता का कोणाला?

कपाशीवाला: पाठवला ना. गावातल्या साऱ्याईले.