आंतरशालेय स्पर्धेत वयोगट कसे असावेत?

प्रश्न (पालक, राजारामपुरी):
कोल्हापुरातील आमच्या पाच विनाअनुदानित शाळा मिळून दर हिवाळ्यात मैदानी स्पर्धा घेतात. पाचवी ते सातवी असा एकच गट असल्यामुळे माझ्या पाचवीतल्या मुलीला दोन वर्षांनी मोठ्या मुलींबरोबर धावावे लागले. यात बदल सुचवता येईल का?

उत्तर (क्रीडाशिक्षक):
अवश्य सुचवा. शासकीय शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. परंतु शाळांनी आपसांत घेतलेल्या स्पर्धेत १२ वर्षांखालील गटही हवाच, कारण या वयात वर्षभराचा फरकही ढांगेत दिसतो. जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरवरून तपासावी.

उत्तर (माजी धावपटू, शिवाजी पेठ):
सरांशी सहमत आहे. अर्जात मैदानाच्या आखणीचाही उल्लेख करावा. ४ × १०० मीटर रिलेत बॅटनची देवाणघेवाण ३० मीटरच्या टप्प्यातच व्हावी लागते. मी पाहिलेल्या एका स्पर्धेत हा टप्पा फक्कीने आखलाच नव्हता, तरी एक संघ बाद ठरवला गेला आणि शेवटची मुलगी बॅटन छातीशी धरून बराच वेळ तिथेच उभी राहिली. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलेल्या या गावात असे घडावे, याचे फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. दोन्ही मुद्दे घालून सोमवारी मुख्याध्यापकांना अर्ज देते.