मदत हवी आहे: पोरांना गवंडीकाम शिकवायला जागा आणि विटा

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगण्याकडे मजुरांच्या ठिय्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या दहा-बारा पोरांसाठी दर रविवारी गवंडीकामाचा वर्ग घ्यायचाय. वर्षानुवर्षं घमेली उचलतात, पण हातात थापी कुणी देत नाही. शिकवायला एक जुने मिस्त्री तयार आहेत (चहा-खर्रा आपल्याकडे!). भिंत सरळ, काटकोनात रचायची अवजारं जमवली: ओळंबा, गुण्या, दोरी. अडलंय जागेवर आणि मालावर.

सरावाला सिमेंट नको. चुना-रेतीच्या मसाल्यात नऊ इंची भिंत रचायची, संध्याकाळी उकलून विटा साफ करायच्या; त्याच पुन्हा वापरता येतात. कुणाकडे शेड किंवा रिकामा प्लॉट, पाणी आणि चारेकशे विटा आहेत का? फ्लायॲशच्या (राखेच्या) चालतील, पण लाल असल्या तर बरं, आधी भिजवायची सवय लागते. मार्चच्या आत सुरू व्हायला हवं. नंतर नागपूरच्या उन्हात कोण उभं राहणार?