भूक वाढते नववीत, जेवण बंद होतं आठवीत!

खजराना_रोड: इंदुरात बसून झाबुआ-अलिराजपूर या भिल्ल आदिवासी जिल्ह्यांची आठवण आपल्याला येते ती होळीआधीच्या भगोरिया जत्रेचे फोटो फिरायला लागले की. असो. शाळेतलं दुपारचं जेवण आठवीपर्यंत. सहावी ते आठवीच्या मुलांना त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम. मुलींची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलग्यांची चौदाव्या. म्हणजे ऐन वाढीच्या वेळी मुलग्याचं ताट काढून घेतलं जातं. जेवण दहावीपर्यंत करा, एवढंच म्हणणं आहे.

रामबागवाले_काका: ताई, हे भिल्ल लोक मुळातच ठेंगणे आणि काटक. आमच्या साइटवरची पोरं सिमेंटची ५० किलोची गोणी घेऊन दोन मजले चढतात. आपला जिमवाला नातू चढून दाखवेल? उंची म्हणजे तब्येत नव्हे.

मास्तरीणबाई: काका, त्या पोरांचं वय विचारलंत का कधी? आणि ‘मुळातच ठेंगणे’ म्हणाल तर ग्वाटेमालाच्या माया आदिवासींबद्दलही हेच म्हणत. त्यांची अमेरिकेत वाढलेली मुलं ग्वाटेमालातच वाढलेल्या माया मुलांपेक्षा सरासरी १० सेंमीच्या आसपास उंच निघाली. एका पिढीत रक्त बदलत नाही, ताट बदलतं. मी अलिराजपूरकडे शिकवते. आठवड्याची लोहाची निळी गोळी वाटली की मुली ती गालात धरतात आणि हापशामागे जाऊन थुंकतात. ओरडून उपयोग नाही, सकाळपासून पोटात काळा चहा. रिकाम्या पोटी त्या गोळीनं मळमळतंच. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला, आणि हा आकडा अख्ख्या देशाचा.

पण_परंतु: सगळं खरं, पण दिवाळी झाली की घरंच्या घरं गुजरातला मजुरीला जातात ती होळीला परततात. ताट शाळेत, मूल सुरतेत! शिवाय पहिल्या दोन वर्षांत खुंटलेल्या मुलाला नववीत वरण-भात देऊन काय मोठं होणार? पैसा अंगणवाडीत घाला. तिथं अंडी द्यायची म्हटलं तर २०१५ला मध्य प्रदेशच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनीच नाही म्हटलं, ते आधी सोडवा.

खजराना_रोड: अंड्यांचं शंभर टक्के पटलं. पण मोठेपणीच्या उंचीतला १५ ते २० टक्के भाग वयात येतानाच वाढतो, त्यावर पाणी सोडायचं? मजुरीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात. ती नीट चालवा, ताटही तिथंच वाढा.

रामबागवाले_काका: चालवणार कोण? स्वयंपाकिणीला पगार वेळेवर मिळाला तर ना!

पण_परंतु: काका, पगार झाला तरी अर्धाच प्रश्न सुटतो. घरी म्हातारी आणि बकऱ्या राहतात, त्यांच्यापायी मोठ्या मुलीलाच मागे ठेवतात. ती वसतिगृहात जाणार कशी? मास्तरीणबाई, तुमच्याकडे काय करतात अशा मुलींचं?