कधीही पोर्टर नसलेले पोर्टरांचे पुढारी: ए. फिलिप रँडॉल्फ

प्रश्न:
अमेरिकेतील कामगार चळवळीविषयी वाचताना ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नावापाशी अडलो आहे. पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांतील कृष्णवर्णीय पोर्टरांनी ऑगस्ट १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात संघटना स्थापन केली आणि तिची धुरा रँडॉल्फ यांच्याकडे सोपवली. परंतु ते स्वतः एक दिवसही पोर्टर नव्हते, ‘मेसेंजर’ नावाचे मासिक चालवणारे समाजवादी संपादक होते. मग कामगारांनी त्यांनाच का निवडले, आणि कंपनीशी करार व्हायला बारा वर्षे का लागली?

प्रतिसाद १:
ते कंपनीच्या पगारपत्रकावर नव्हते, हेच त्याचे मुख्य कारण होय. उघडपणे पुढाकार घेणाऱ्या पोर्टरला कंपनी घरी बसवत असे. रँडॉल्फ यांना मात्र ती नोकरीवरून काढू शकत नव्हती.

प्रतिसाद २:
आधी कामाचे स्वरूप लक्षात घ्यावे. प्रवाशांच्या गाद्या घालणे आणि रात्री त्यांचे बूट चमकवून ठेवणे हे पोर्टरचे काम असे, बुटांचे पॉलिशही तो पदरच्या पैशाने आणी आणि तुटपुंज्या पगारामुळे त्याची भिस्त बक्षिसीवर राही. कंपनीचे संस्थापक जॉर्ज पुलमन यांच्या नावावरून प्रवासी प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ अशीच हाक मारत.

१९२८ मध्ये संप ठरला होता, पण सरकारी मध्यस्थ मंडळाने हस्तक्षेप नाकारला, कंपनीने बदली माणसे तयार ठेवली आणि रँडॉल्फ यांनी ऐनवेळी संप मागे घेतला. पुष्कळ सभासदांनी यानंतर संघटना सोडली. या माघारीला कच खाणे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण संप फसला असता तर १९३४ मध्ये रेल्वे कामगार कायद्यात झालेल्या दुरुस्तीचा लाभ घ्यायला संघटनाच उरली नसती. आपली संघटना मतदानाने निवडण्याचा हक्क देणाऱ्या त्या दुरुस्तीनंतर १९३५ मध्ये मतदान झाले आणि पोर्टरांनी कंपनीधार्जिण्या संघटनेला नाकारून रँडॉल्फ यांच्या संघटनेला मोठ्या बहुमताने कौल दिला. अखेर २५ ऑगस्ट १९३७ रोजी करार झाला आणि महिन्याचे सुमारे ४०० तासांचे काम २४० तासांवर आले.

प्रतिसाद ३:
वरील माहितीत एक भर घालतो. १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा देऊन रँडॉल्फ यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण उद्योगांतील वर्णभेदाला मनाई करणारा आदेश काढायला लावले, आणि तो निघताच मोर्चा स्थगित केला. प्रत्यक्ष मोर्चा २८ ऑगस्ट १९६३ रोजी निघाला, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. दरम्यान, १९५५ मध्ये दोन महासंघ एकत्र येऊन बनलेल्या राष्ट्रीय कामगार महासंघाचे (एएफएल-सीआयओ) उपाध्यक्ष असूनही, कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारणाऱ्या संघटनांवरून ते महासंघाच्या बैठकांतच भांडत राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात माँटगोमेरीमध्ये बसमधील जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार दिल्याने अटक झालेल्या रोझा पार्क्स यांना जामिनावर सोडवून आणणारे ई. डी. निक्सन हेही पुलमनचे पोर्टर आणि याच संघटनेचे स्थानिक पुढारी होते.