थंडीतली सायकल: निघताना कुडकुडायलाच हवं का?

डोणजेकर
डिसेंबर लागला की खडकवासल्याच्या रस्त्यावर पहाटे ठरलेलं दृश्य दिसतं. आत थर्मल, त्यावर जर्सी, त्यावर फ्लीसचं जॅकेट, डोक्याला कानटोपी असा जामानिमा करून मंडळी सिंहगडाकडे निघतात. डोणजे फाटा येईपर्यंत जॅकेट कमरेला बांधलेलं असतं. घाट चढून होईतो आतलं सगळं पिळून काढावं इतकं ओलं. मग वर भजी खात बसले की हुडहुडी भरते आणि उतारावर दातावर दात आपटतात. दोष मात्र थंडीला.

माझं म्हणणं असं की निघताना थंडी वाजलीच पाहिजे. दारात उभं असताना मस्त ऊब वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय. आपण पेडल मारताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, त्यातली जेमतेम पाव चाकापर्यंत पोचते. बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. पेडलवर १५० वॉट लावणाऱ्याच्या अंगात ४५० ते ६०० वॉट उष्णता तयार होत असते. त्यावर फ्लीस चढवायचं कशाला?

१२ अंशांना मला पुरतं ते एवढंच: अंगालगत बिनबाह्यांचं जाळीदार पॉलिस्टरचं बनियन, वर अर्ध्या बाह्यांची जर्सी, आर्म वॉर्मर (हातावर चढवायच्या सुट्या बाह्या), आणि पुढून वारा अडवणारं पातळ बिनबाह्यांचं विंडचीटर. चढावर ते घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात जातं. फ्लीस घरी ठेवा. पटत नसेल तर भांडा.

सावकाश
भांडतो. हा सगळा हिशेब १५० वॉटवाल्यांचा आहे. मी सकाळी साडेसहाला ऑफिसला निघतो, ताशी १२-१४ च्या वेगाने, वाटेत डझनभर सिग्नल. माझ्या अंगात कुठली आलीये तुमची सहाशे वॉटची भट्टी? दर सिग्नलला गार पडायचं आणि परत तापायचं. तुमचा नियम पाळला तर मी ऑफिसात पोचेपर्यंत कुडकुडतच राहीन. मी सुती शर्टावर साधा हातविणीचा स्वेटर घालतो. घामही येत नाही, थंडीही वाजत नाही. दूधवाले आणि पेपर टाकणारे वर्षानुवर्षं हेच करत आलेत, त्यांना कुणी थर शिकवले?

उत्रेख्तहून
सावकाश यांच्या बाजूने. इथे नेदरलँड्समध्ये हिवाळ्यात पारा २ ते ५ अंशांत घोटाळत असतो, वर भुरभुर पाऊस, आणि समोरून वारा. तरी निम्मं गाव नेहमीचा लांब कोट आणि मफलर गुंडाळून सायकलवर कामाला जातं. सायकलचे म्हणून वेगळे कपडे बहुतेकांकडे नसतातच. कारण कोणी घाम येईल इतक्या जोरात चालवतच नाही. घामाचा प्रश्न कापडाने सुटतो त्यापेक्षा जास्त वेगाने सुटतो.

एक मात्र इथे येऊन कळलं: पूर्ण जलरोधक रेनकोट घालून जोर लावला की बाहेरच्या पावसाइतकंच आतून भिजायला होतं.

डोणजेकर
मान्य, हळू जाणाऱ्याला एक थर जास्त लागेल. पण सावकाश, सुती शर्टाचं मला पटत नाही. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. एकदा ओलं झालं की अंगालगत गार पोतेरं.

सावकाश
पुण्याची थंडी कोरडी असते हो. दहा मिनिटांत वाळतं.

निफाडची थंडी
कोरडी दुपारी! पहाटे सहाला रस्त्याकडेच्या गवतावर हात फिरवून बघा, दव लागेल. त्या वेळी हवेत आर्द्रता भरपूर असते, कापड वाळत नाही. ऊन वर आल्यावर तुमचं खरं.

आमच्याकडे जानेवारीत पारा ५-६ अंशांवर उतरतो, द्राक्षवाले बागांत शेकोट्या पेटवून बसतात. तिथे डोणजेकरांचा बिनबाह्यांचा मामला चालणार नाही. पण धडाची चिंता तुम्ही सगळे उगाच करताय, ते आपोआप तापतं. बोंबलतात बोटं आणि कान. वाऱ्यात हँडल धरलेली बोटं हलत नाहीत, त्यांना स्वतःची ऊब नाही. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला की नाही तेच कळत नाही, आणि हे उतारावर! मी म्हणेन छातीवरचा एक थर कमी करा आणि ते पैसे पूर्ण बोटांच्या, वारा न शिरणाऱ्या हातमोज्यांवर घाला.

शंकासुर
कान झाकले की मागच्या ट्रकचा आवाज कसा येणार?

निफाडची थंडी
बफचा, म्हणजे गळ्या-डोक्यावर चढवायच्या पातळ नळीसारख्या कापडाचा, एकच पदर घ्यायचा. लोकरीची जाड कानटोपी नको, हेल्मेटही नीट बसत नाही.

आडवाटा
मी बीआरएम करते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत. पहाटे १० अंशांत सुरू केलेली राइड दुपारी ३० अंशांत आणि पुन्हा रात्रीत जाते. डोणजेकरांचा नियम दोन तासांच्या सिंहगड फेरीला लाख बरोबर आहे. गड चढायचा, उतरायचा, घरी जाऊन आंघोळ. पण तो नियम गृहीत धरतो की तुम्ही सतत पेडल मारत राहणार. रात्री दोन वाजता टायर पंक्चर झालं की ती भट्टी पाच मिनिटांत विझते. आतलं बनियन घामाने ओलं, बोटं ग्रीसने माखलेली, आणि ट्यूब काही केल्या रिममध्ये बसत नाही. त्या वेळी खिशात मावणारं ते पातळ विंडचीटर काय कामाचं? ते वारा अडवतं, ऊब देत नाही. रात्री सक्तीचं असतं ते रिफ्लेक्टिव्ह जॅकेट तर जाळीचं, त्यातून वाराही आरपार.

म्हणून माझ्या हँडलबॅगेत एक कोरडं मेरिनो लोकरीचं बनियन कायम असतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते, तुमचं पॉलिस्टर नाही धरत. महाग आहे, कबूल. पण निघताना कमी घाला हे सांगताना सोबत काय न्या हेही सांगत जा. नवखी मुलं अर्धंच ऐकतात.

डोणजेकर
ताई, सोबत नेण्याला माझा विरोध नाहीच, घालून निघण्याला आहे. आणि उताराबद्दल तुम्ही वाऱ्याला कमी लेखताय. १० अंशांत ताशी ३० च्या वेगाने गेलं तर त्वचेला ते साडेसहा अंशांसारखं लागतं. वारा अडवला की निम्मी लढाई जिंकली. पूर्वीचे युरोपातले शर्यतवाले डोंगरमाथ्यावर वर्तमानपत्र घेऊन जर्सीत छातीवर कोंबायचे आणि खाली सुटायचे. तळाशी पोचलं की फेकून द्यायचे. फुकट विंडचीटर!

शंकासुर
फेकायचे कशाला, वाचायचे की.

निफाडची थंडी
उताराचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. निरभ्र पहाटे गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते. त्यामुळे नदीकाठी आणि धरणाच्या पायथ्याशी जास्त गारठा आणि चढ चढून गेलं की हवा उबदार, असं पुष्कळदा होतं. मोबाइलवर दिसणारं तापमान शहरातलं. त्यावरून कपडे ठरवू नका, वाटेत सगळ्यात खालचा पट्टा कुठला ते बघून ठरवा.

सावकाश
म्हणजे आता कपडे घालण्याआधी नकाशा उघडायचा. माझा स्वेटर बरा. पुढची बटणं उघडली की हवा खेळते, लावली की बंद. तुमच्या आर्म वॉर्मरचं काम माझी बटणं करतात.

उत्रेख्तहून
हसू नका, यात तथ्य आहे. पुढून पूर्ण उघडणारी चेन किंवा बटणं असलेला एक कपडा, डोक्यातून घालायच्या दोन कपड्यांपेक्षा चालत्या सायकलवर जास्त उपयोगी. डोक्यातून काढायचं म्हणजे थांबावं लागतं, आणि थांबायचा कंटाळा आला की माणूस घामात तसाच पुढे जातो. फक्त पाठीवर सॅक नको. चेन कितीही उघडा, सॅकखाली पाठ भिजतेच. कॅरिअरला पिशवी लावा.

डोणजेकर
चेनचं पटलं. चढ सुरू व्हायच्या आधीच ती उघडायची, घाम फुटल्यावर नाही. सुती कापड अजूनही नाही पटलं.

सावकाश
नका पटवून घेऊ.

आडवाटा
आणि रात्री दोनच्या पंक्चरचं काय? त्याचं उत्तर अजून आलं नाही.

डोणजेकर
चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट. मुठीत मावतं, वजन शंभर ग्रॅमसुद्धा नाही. अंगावर गुंडाळून बसायचं.

आडवाटा
गुंडाळून बसले तर पंक्चर कोण काढणार?